रमाबाई रानडे यांचे सोसणे

मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र द्यावयाचे ठरले की रमाबाई रानडे यांचे नाव पुढे येतेच. पुण्याच्या सेवासदनाच्या त्या संस्थापक, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी, आणि मराठीतील एका सुंदर आठवणींच्या पुस्तकाच्या लेखिका. एवढे आपणा सर्वांना ठाऊक असते. दूरचित्रवाणीवरील मालिकेमुळे नव्या पिढीच्या मुलीही त्यांना ओळखू लागल्या आहेत. म्हणून त्यांचा सगळा जीवनक्रम येथे ओळीने सांगत नाही. त्यांच्या आयुष्यातील एकच गोष्ट निवडून तिच्याकडे जरा बारकाईने पाहावे असा विचार आहे. ती गोष्ट म्हणजे त्यांचे सोसणे. रमाबाई सोशीक होत्या असे सर्वच चरित्रकार सांगतात आणि आपणही मान डोलावतो. परंतु सोसणे म्हणजे नेमके काय करणे, आणि त्याने माणसाला दुसऱ्याचे मन अधिक कळू लागते की कमी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. घरोघरी सुनांना, मुलींना आणि हल्ली सासूबाईंनाही गिळून टाक, बोलू नकोस, असा सल्ला आपण इतक्या सहज देतो की हा प्रश्न एकदा विचारायलाच हवा.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा. गाव देवराष्ट्रे, त्यावेळच्या सातारा जिल्ह्यातले, आता ते सांगली जिल्ह्यात आहे. माहेरचे आडनाव कुर्लेकर, माहेरचे नाव यमुना. मुलींना लिहायला शिकवण्याची तेव्हा चाल नव्हती, म्हणून वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत तिला अक्षरओळखही नव्हती. पुराणातल्या गोष्टी मात्र तिने आईच्या तोंडून पुष्कळ ऐकल्या होत्या.

१८७३ च्या डिसेंबरात पुण्यात तिचे लग्न झाले. नवरदेव तेव्हा पुण्यास न्यायाधीश, वय एकतीस पूर्ण. पहिली पत्नी सखूबाई वारल्याला जेमतेम दोन महिने झालेले. माधवराव विधवाविवाहाच्या चळवळीतले पुढारी. आता हे एखाद्या विधवेशीच लग्न करणार, असे मित्रांनी आणि विरोधकांनीही धरले होते. नेमके तेच होऊ नये म्हणून वडिलांनी घाई केली आणि अकरा वर्षांची मुलगी पाहिली. माधवरावांनी वडिलांची आज्ञा मोडली नाही. त्याबद्दल त्यांना स्वकीयांकडून पुष्कळ बोल लागला, आणि तो लागावा असेच ते वर्तन होते, असे मला वाटते. परंतु त्या मुलीच्या बाजूने पाहा. ज्या घरात ती आली त्या घरच्या कर्त्या पुरुषाच्या पराभवाची ती खूण होती. तिला स्वतःला याची काहीच कल्पना नव्हती. लग्न लागून मंडळी घरी आल्यावर नवरदेव कोणाशी न बोलता आपल्या खोलीत गेले आणि दार लावून बसले. लग्नघरात असे दार बंद होते, तेव्हा अकरा वर्षांच्या नवरीने त्याचा काय अर्थ लावायचा?

तिला सासरी सोडून जाताना वडिलांनी एक उपदेश केला होता. घर मोठे आहे, माणसे पुष्कळ आहेत, सावत्र नाती आहेत. कोणी काही बोलले तरी सोसावे, उलट उत्तर करू नये, आणि मुख्य म्हणजे घरातली कुरबूर नवऱ्याच्या कानावर कधीही घालू नये. हे पाळले नाहीस तर माहेरचा आधार धरू नकोस, असाच त्याचा मथितार्थ होता. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या पित्याला मुलीच्या भल्याचेच सांगायचे होते. एकत्र कुटुंबात कानाला लागणारी सून किती घरे फोडते, हे त्याने पाहिलेले असणार.

त्याच सुमारास माधवरावांनी तिला जवळ बोलावून, तुला लिहितावाचता येते का, असे विचारले. येत नाही म्हटल्यावर पाटी पुढे ठेवली आणि मुळाक्षरांना आरंभ केला. दिवसभर कचेरी, संध्याकाळी सभा आणि मंडळी, आणि रात्री बायकोचा अभ्यास. पुढे ट्रेनिंग कॉलेजातल्या मराठी शिकविणाऱ्या बाई आल्या, नंतर इंग्रजी शिकविण्यासाठी मडमबाई आल्या. घरातल्या बायकांना हे मुळीच मानवले नाही. सासूबाई, चुलत सासवा, विधवा नणंद, आश्रयाला असलेल्या नात्यातल्या बायका, यांचा तो एक दरबारच होता. पुरुषाची लहर म्हणून थोडे हो म्हणावे, आणि मग हळूहळू टाळाटाळ करीत अभ्यास सोडून द्यावा, असा सल्ला आधी गोडीने झाला. तो मानला गेला नाही तेव्हा टोमणे सुरू झाले. मडमेजवळ बसून शिकल्यावर आंघोळ केल्याखेरीज सोवळ्यात पाऊल टाकायचे नाही, असा दंडक पडला. माधवरावांना कोणी तोंडावर बोलत नसे. जे बोलायचे ते मुलीला, आणि तेही ते कचेरीत गेल्यावर.

रमाबाईंनी वडिलांची आज्ञा अक्षरशः पाळली. दिवसभर ऐकून घ्यावे, एकांतात रडावे, डोळे पुसून पुन्हा कामाला लागावे आणि रात्री पुस्तक घेऊन बसावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला.

त्यांच्या आठवणींत या काळातल्या घरच्या बायका जशा दिसतात त्याचे मला नेहमी नवल वाटते. इतकी वर्षे एका घरात, एका चुलीभोवती काढली, परंतु या बायका त्या पानांतून बहुतेक एकाच सुरात बोलतात. बोलणाऱ्या, टोचणाऱ्या, अडविणाऱ्या. त्यांच्या आत काय चालले असेल याचा पत्ता त्या वयातल्या रमेला लागलेला दिसत नाही. विधवा नणंदेचेच उदाहरण घ्या. भाऊ विधवांच्या पुनर्विवाहासाठी जाहीर सभांतून झगडतो, आणि आपण त्याच्याच घरात वैधव्य कंठीत आहोत. पुढे अकरा वर्षांची भावजय येते आणि भाऊ रात्री दिवा लावून तिला धडे देतो. त्या बाईच्या तोंडून निघालेल्या टोमण्यात किती प्रकारची दुःखे मिसळलेली असतील! पण ऐकणारी मुलगी तेव्हा आपला चेहरा निर्विकार ठेवण्याच्या खटपटीत होती. डोळ्यांत पाणी येऊ द्यायचे नाही, ओठ थरथरू द्यायचा नाही, यातच तिची सारी शक्ती खर्ची पडत होती. समोरच्या चेहऱ्याकडे पाहायला शिल्लक काय राहणार?

हा केवळ माझा तर्क नाही. अलीकडच्या मानसशास्त्रज्ञांनी या गोष्टीची पद्धतशीर परीक्षा केली आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स ग्रॉस या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या काळात असे दाखवून दिले, की भावना मनात उसळलेली असताना ती केवळ चेहऱ्यावर दिसू न देण्याचा यत्न केला, तर आतली खळबळ कमी होत नाही. शरीराला ताण अधिकच पडतो, आणि त्या वेळी समोर जे बोलले गेले ते नीट लक्षातही राहत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा एक प्रयोग तर बायकांवरच केलेला होता. एकमेकींना अनोळखी अशा दोघी दोघींना मन विषण्ण करणारा चित्रपट दाखविला आणि मग त्याविषयी आपसांत बोलायला सांगितले. काही जोड्यांत एकीला आधीच गुपचूप सांगून ठेवले होते, की मनातले काही दिसू देऊ नकोस. दुसरीला याची वार्ता नव्हती. परंतु अशा दगडी चेहऱ्याच्या बाईशी बोलताना त्या दुसरीचा रक्तदाब वाढला. म्हणजे एकीने गिळलेले दुसरीला बाधले.

आणखी एक गोष्ट. समोरचा माणूस हसला की आपल्याही गालाचे स्नायू किंचित हलतात, तो कष्टी झाला की आपल्या भुवया नकळत तशाच होतात. या सूक्ष्म नकलेतून समोरच्याचे मन कळायला थोडी मदत होते, असे अनेक अभ्यासक मानतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्यांना आपला चेहरा कोरा ठेवायला सांगितले होते, त्यांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भावना ओळखायला ती अधिक ठळक व्हावी लागली. अर्थात प्रयोगशाळेतली तासाभराची गोष्ट आणि वाड्यातली वीस वर्षे यांची तुलना बेतानेच करावी. तरी पण माजघरात जिने दिवस काढले आहेत, तिला यात खोटे काही वाटणार नाही.

त्याच संशोधनात दुसराही एक प्रकार आढळला. प्रसंग मनाला लागण्यापूर्वीच त्याकडे निराळ्या बाजूने पाहायचे, त्याचा अर्थच दुसरा लावायचा. असे ज्याला जमते त्याचा रागच मुळात उतरतो, त्याला चेहरा आवळून धरावा लागत नाही, आणि समोरच्याचे बोलणे ऐकायला त्याचे कान मोकळे राहतात. आपल्या म्हाताऱ्या माणसांना हा भेद ठाऊक होता. राग गिळणे वेगळे आणि राग निवळणे वेगळे, हे मराठीत आपण रोज बोलतोच.

रमाबाईंना हा दुसरा प्रकार कोणी शिकविला? माझ्या मते त्यांच्या पतीने, आणि तोही पुष्कळसा न बोलता.

माधवराव हा मोठा विलक्षण संयमी पुरुष. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचा गवगवा झाला, पुण्यात बुधवारवाड्याला आग लागली, आणि सरकारच्या मनात पुण्याच्या पुढाऱ्यांविषयी संशय शिरला. रानड्यांची बदली धुळ्यास झाली. तेथे त्यांची पत्रे फोडून पाहिली जात. बंडवाल्यांच्या नावाने बनावट पत्रेही येत, ती ते निमूटपणे जशीच्या तशी सरकारी अधिकाऱ्यांकडे पाठवून देत. आपल्यावर पाळत आहे हे ठाऊक असून त्यांनी कोणावर चिडचिड केली नाही की बदलीविरुद्ध अर्ज केला नाही. राज्यकर्ते घाबरलेले आहेत आणि घाबरलेला माणूस असेच वागणार, अशा दृष्टीने ते त्या प्रकाराकडे पाहत असावेत.

घरातही तेच. बायकांचे टोमणे त्यांच्या कानावर रमाबाई घालीत नसत, पण त्यांना ते कळत. ते बायकोची बाजू घेऊन भांडायला गेले नाहीत, याचा आजच्या वाचकांना राग येईल. मलाही येतो. एकदा ठणकावून बोलले असते तर त्या पोरीचे कितीतरी रडणे वाचले असते. ते तिला एवढेच समजावीत, की या बायकांना शिक्षण मिळालेले नाही, त्यांना हे विपरीत वाटणे साहजिक आहे, आपण उत्तर देऊ नये आणि आपले काम सोडू नये. म्हणजे सोस असे वडिलांनीही सांगितले आणि पतीनेही, परंतु दोन्ही सांगण्यांत अंतर होते. वडिलांनी तोंड बंद ठेवायला सांगितले. पतीने त्या बोलण्याचे कारण दाखविले. ज्याचे कारण कळले त्याचा डंख थोडा कमी होतो.

त्यांचे मन ओळखणे मात्र सोपे नव्हते. जो माणूस आपला राग, लोभ, दुःख काहीच दाखवीत नाही, त्याच्या घरच्यांना फार कष्ट पडतात. रमाबाईंनी हे कष्ट घेतले. एकदा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या धाकाने त्यांच्या हातून पतीच्या इच्छेविरुद्ध वर्तन घडले. त्या रात्री माधवराव रागावले नाहीत, काहीच बोलले नाहीत. रोज रात्री त्यांच्या तळपायांना तूप चोळावे आणि काहीतरी वाचून दाखवावे, असा रमाबाईंचा परिपाठ होता. त्या रात्रीही सगळे झाले, पण पलीकडून शब्द नाही. हा अबोला त्यांना शंभर टोमण्यांहून जड गेला. घरच्या बायकांचे बोल ऐकताना न डगमगणारी ती, या न बोलण्याने पार हबकली आणि क्षमा मागून मोकळी झाली. शांतपणाचेही एक शस्त्र होऊ शकते, हे त्या थोर पुरुषाच्या चरित्रातही आढळते, आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही.

आंब्यांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. कोणी स्नेह्याने उत्तम आंबे पाठविले होते. रमाबाईंनी हौसेने एक चिरून फोडी पुढे केल्या. माधवरावांनी एकदोन खाल्ल्या, आंब्याची तारीफ केली आणि हात आवरला. रमाबाईंच्या मनात चटकन आले की काहीतरी बिनसले आहे. फळ गोड, प्रकृती बरी, मग आणखी का नको? तेव्हा त्यांनी आपल्या मुंबईतल्या विद्यार्थिदशेतली हकीकत सांगितली. शेजारी एक बाई राहत असत, पूर्वी चांगल्या सुस्थितीतल्या, पुढे दिवस फिरलेले. पूर्वी पानात किती भाज्या असत आणि आता नसतात, याचे त्या बाईला सारखे दुःख होई. ते पाहून, जिभेला असे लाडावू द्यायचे नाही हे आपण मनाशी ठरविले, असे त्यांनी सांगितले. या गोष्टीतून सामान्यतः जिभेच्या संयमाचा बोध घेतात. मला त्यात दुसरेच दिसते. माधवरावांना ती शेजारीण तेव्हा कळली होती. तिच्या रडगाण्याला हसून न जाता त्यांनी त्यातली वेदना आपल्या अंगाला लावून पाहिली, आणि जन्मभर लक्षात ठेवली. उलट रमाबाईंचा त्या क्षणी झालेला गैरसमज पाहा. स्वतःचा हिरमोड झाला, त्याच भरात पतीच्या हात आवरण्याचा अर्थ नाराजी असा लागला. आपल्या घरी रोज दहा वेळा असे होते. भाजी का टाकली, चहा का अर्धा ठेवला, यावरून केवढी महाभारते!

सारेच दिवस असे गंभीर नव्हते, हेही सांगितले पाहिजे. १८८६ च्या सुमारास सरकारी समितीच्या कामानिमित्त कलकत्त्यास राहणे झाले, तेव्हा माधवरावांनी बंगाली शिकायला घेतले. दाढी करायला न्हावी आला की त्याच्यापुढे पुस्तक धरून ते शब्दांचे अर्थ विचारीत. रमाबाईंना हसू आवरेना, आणि त्यांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली. मग तीच भाषा ते त्यांना शिकवू लागले. तेव्हा बारातेरा वर्षांचा संसार झाला होता. ज्या नवऱ्यासमोर पहिल्या रात्री मान वर होत नव्हती त्याची मोकळेपणाने थट्टा करता येणे, हीही एक कमाईच म्हणायची.

मुलींसाठी हायस्कूल काढावे म्हणून पुण्यात मोठी खटपट झाली आणि १८८४ साली ती शाळा निघालीही. त्या प्रकरणी गव्हर्नरसाहेबांसमोर भरलेल्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीत भाषण वाचले. बाहेर टाळ्या पडल्या, घरी आल्यावर बोलणी बसली. परंतु आता त्या रडत बसल्या नाहीत. पंडिता रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज निघाला, तेव्हापासून त्यांना चार समविचारी मैत्रिणी मिळाल्या होत्या. ज्या बाईला मनातले बोलायला एक जागा आहे, तिला घरी गिळावे लागले तरी ते विष होत नाही. आपल्या मंडळात येऊन दोन तास बसणाऱ्या भगिनींना हे निराळे समजावून सांगायला नको.

पंचहौदाच्या चहाचे प्रकरण मात्र त्यांच्या जिव्हारी लागले. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये बरीच प्रतिष्ठित मंडळी जमली होती, तेथे चहा झाला. त्यात रानडे होते, टिळकही होते. पुढे यावरून ग्रामण्य माजले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, कित्येकांवर बहिष्कार पडला. बहिष्कारामुळे मित्रांच्या घरच्या माणसांचे हाल होऊ लागले, तेव्हा १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. सुधारक मंडळींनी त्यांना भित्रे म्हटले. रमाबाईंनाही हे मनातून पटले नाही. दोष नसताना मान का तुकवावी? आपल्या पतीविषयी इतकी कडवट भावना त्यांच्या मनात क्वचितच आली असेल. माधवराव मात्र जणू काही विशेष झालेच नाही अशा वृत्तीने आपल्या कामाला लागले. माझ्या समजुतीप्रमाणे, या वेळी रमाबाईंनी ना बोलून भांडण केले ना नुसते गिळले. त्यांना ते पटले नाही, हे त्यांनी स्वतःशी कबूल ठेवले, आणि तरीही, मित्रांच्या घरच्यांचे दुःख त्यांना आपल्या नावलौकिकापेक्षा मोठे वाटले, हे ओळखले. न पटणे आणि समजणे ही दोन्ही एकाच मनात नांदू शकतात.

१८९३ साली रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस आले. १६ जानेवारी १९०१ रोजी ते गेले. शेवटच्या आजारात आपली वेदना घरच्यांना दिसू नये अशी त्यांची धडपड असे, आणि रमाबाईंना ती दिसत असे. एव्हाना त्यांना त्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ वाचता येत होती.

वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या. पुण्यास परत आल्या आणि सुमारे वर्षभर घराबाहेरच पडल्या नाहीत. हा काळ मला त्यांच्या चरित्रात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि याविषयी सांगण्याजोगे सर्वांत थोडे आहे. ज्या बाईला लहानपणापासून डोळे पुसून कामाला लागायचे शिकविले होते, तिने या वेळी डोळे पुसले नाहीत. दुःखाला वेळ दिला. आणि आता ती त्याच जागी उभी होती जेथे एके काळी तिची नणंद उभी होती.

१९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, त्याचे अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. १९०९ साली पुण्याचे सेवासदन सुरू झाले, ते त्यांच्याच वाड्यात. गोपाळ कृष्ण देवधर हे भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते त्यांच्या जोडीला होते. स्त्रियांना लिहायला शिकविणे, शिवण, शिक्षिकेचे शिक्षण, आणि सर्वांत अवघड म्हणजे परिचारिकेचे शिक्षण.

ते अवघड का होते याचा विचार करा. त्या काळची तरुण विधवा, कित्येक केशवपन झालेल्या, लाल आलवणातल्या. बाहेर निघायची भीती. आणि त्यांनी ससून इस्पितळात जाऊन परजातीच्या रोग्याला शिवायचे, मलमूत्र काढायचे, परपुरुषाची जखम धुवायची! घरचे लोक म्हणत, तुकडा मोडून खाऊ पण हे नको. अशी एखादी मुलगी सेवासदनात येई ती बहुधा मान खाली घालून, कोरा चेहरा करून. विचाराल त्याला होय किंवा नाही. तो कोरा चेहरा रमाबाईंना नवा नव्हता. वीस वर्षे तो त्यांनी स्वतः धारण केला होता. त्याखाली काय असते हे त्यांना कोणी सांगायला नको होते. म्हणून प्रथम उपदेश नाही, चौकशीचा भडिमार नाही. हाताला काम द्यायचे, बरोबरीच्या चारचौघींत बसवायचे, आणि तिचे तिला बोलावेसे वाटेपर्यंत थांबायचे, हीच अशा मुलीला माणसांत आणण्याची वाट. परंतु नुसते स्वतः दुःख भोगल्याने ही दृष्टी येते असेही नाही. छळ सोसलेल्या कित्येक सुना पुढे तशाच सासवा होतात, हे आपण पाहतोच. आपले दुःख पाहून झाले, त्याची धग निवली, तेव्हाच दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ते आपल्या दुःखाची छाया न पडता ओळखता येते.

येरवड्याच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांकडे त्या जात, त्यांच्याशी बोलत बसत. इस्पितळात रोग्यांना फळे, फुले नेऊन देत. १९१३ साली गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा तिकडे मदतीला गेल्या. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत सेवासदनाच्या मुली घेऊन आळंदीस वारकऱ्यांच्या सेवेला जात. पुढे पुण्यात मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी चळवळ झाली, मुंबई इलाख्यात स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ झाली, त्या दोन्हींत त्या पुढे होत्या. ज्यांना अकराव्या वर्षी वडिलांनी बोलू नकोस म्हणून सांगितले होते, त्या साठीच्या घरात भर सभांतून बोलत होत्या, आणि न चिडता बोलत होत्या.

१९२४ साली त्या वारल्या. १९६२ मध्ये, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. पुण्याचे सेवासदन आजही चालू आहे.

त्यांचे आठवणींचे पुस्तक १९१० साली निघाले. गोपाळ कृष्ण गोखले यांची त्याला प्रस्तावना आहे. त्यात घरच्या बायकांचे सगळे बोल आहेत, काही सोडलेले नाही. परंतु लिहिणारीच्या मनात आता विखार नाही, उलट कुठेकुठे तर मिस्किलपणाच आहे. जे अकराव्या वर्षी केवळ टोचले होते ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लिहिताना तिला दिसू लागले असावे. पतीचे नाव न घेता त्या सर्वत्र स्वतः हा शब्द वापरतात. स्वतः आले, स्वतः म्हणाले, म्हणजे माधवराव. रमाबाईंचे स्वतःचे काय, हे ओळींच्या मधून शोधावे लागते. पुस्तक १९०१ च्या जानेवारीत थांबते. आपल्या मंडळाच्या कपाटात त्याची प्रत असेल तर या वर्षी कोणीतरी ते मोठ्याने वाचावे, आणि नणंदेची पाने आली की जरा सावकाश वाचावे.